पदकाचे मानकरी

तुकुमानच्या ऊस संशोधन संस्थेत ग्रंथपाल एकच होती, सुलेमा. यंदाच्या ग्रंथपाल दिनी ‘सर्वोत्तम ग्रंथपाल’ असे पदक प्रथमच जाहीर झाले, आणि ग्रंथालयाचे दार आत ढकलायचे की बाहेर ओढायचे हेही ठाऊक नसलेल्या संचालक इबार्गुरेन यांनी ते ‘दूरदर्शी नेतृत्वाबद्दल’ स्वतःच्याच गळ्यात घालून घेतले.

“तोंड पाडू नका हो, सुलेमाबाई,” ते म्हणाले, “दुसरा क्रमांक तुमचाच की!”

“अभिनंदन, साहेब,” सुलेमा शांतपणे म्हणाली.

दुसऱ्या सकाळी संदर्भ मागायला आलेल्या प्रत्येक संशोधकाला तिने अदबीने वरचा मजला दाखवला.

“संचालकांच्या दालनात जा. सर्वोत्तम ग्रंथपाल तिथे बसतात. फक्त रांगेत उभे राहा हं, ती जिन्यापर्यंत आलीय.”