निनावी अर्ज

खोताच्या वाडीतल्या व्हायोलाबायने घराच्या लाकडी सज्ज्याला निळा रंग दिला, तेव्हापासून शेजारच्या गुणाजीला अन्न गोड लागेना. येणारेजाणारे तिच्या दारात थांबून फोटो काढायचे आणि फोटोत गुणाजीचं घर येऊ नये म्हणून दोन पावलं बाजूला सरकायचे. स्वतःच्या सज्ज्याला लागलेली वाळवी त्याला दिसत नव्हती. डोळ्यांपुढे तिचा तो निळा रंग होता. शेवटी त्याने पालिकेत निनावी अर्ज टाकला की, बाईने परवानगी न घेता सज्जा वाढवलाय.

आठवड्याभरात साहेब आले. त्यांनी सज्जा मोजला, कागद पाहिले. सगळं नियमात होतं. निघताना त्यांची नजर गुणाजीच्या सज्ज्यावर गेली.

"हा कधीही कोसळेल. उतरवायची नोटीस काढावी लागेल."

गुणाजीच्या तोंडचं पाणी पळालं.

"त्याची दुरुस्ती ठरलीय, साहेब," व्हायोलाबाय म्हणाली. "माझाच सुतार उद्यापासून लागतोय."

साहेब गेल्यावर गुणाजी चाचरत म्हणाला, "बाय, मी कुठे सुताराशी बोललो?"

"मी बोलते ना आज. आणि साहेबांनी तो अर्ज दाखवला मला. वाडीच्या फळ्यावर तुम्ही लिहिता ते सुविचार रोज वाचते मी, ओळखलं तुमचं अक्षर. छान आहे."

त्या दिवसापासून गुणाजीला तिच्या घराचा हेवा वाटेनासा झाला. आता हेवा वाटू लागला तो तिच्या मनाचा.