फुकटचा वजीर

सबनीस सरांनी बुद्धिबळाच्या पटावरचा आपला वजीर उचलला आणि थेट शर्वरीच्या हत्तीच्या वाटेत ठेवला. बोट सुटताच चूक त्यांच्या लक्षात आली. दहा वर्षांच्या त्या पोरीने पटाकडे पाहिलं, ओठ चावला आणि कडेचं एक प्यादं पुढे सरकवलं.

"हे काय गं? वजीर फुकट मिळत होता, दिसला नाही?"

"नाही, सर."

"इतकं वाईट शिकवलं का मी तुला?"

तिची मान खाली गेली. "आई म्हणाली, सरांच्या डोक्याला वायरी लावून मेंदूच्या लहरी तपासल्यात. विसरण्याचा आजार सुरू झालाय. त्यांना हरवून दुखवू नकोस."

डॉक्टरांनी सरांना आलेख दाखवला होता. लहरी खरंच मंदावल्या होत्या. पण मुलं अशी मुद्दाम हरू लागली, तर ती शिकणार काय? आणि उद्या आपलं कुठे चुकतंय, हे आपल्याला सांगणार तरी कोण?

"लहरी माझ्या मंदावल्यात, तुझ्या नाहीत," ते म्हणाले. "मी चुकलो की माझं मोहरं मारायचं. जमत नसेल तर उद्यापासून येऊ नकोस."

त्यांनी तिचं प्यादं मागे नेऊन ठेवलं. शर्वरीने डोळे पुसले, हत्ती पुढे आणला आणि वजीर उचलला.

"शाब्बास!" सरांनी बाह्या सरसावल्या. "आता बघ, वजिराशिवाय कसं लढायचं ते शिकवतो."