टेबलावरचा आरसा

आम्हा अ‍ॅनिमेशनवाल्यांच्या टेबलावर आरसा असतोच. आधी आपण तोंडं वेडीवाकडी करायची, मग ती कागदावर उतरवायची. आमच्या सिनेमातली ‘धास्ती’ ही व्यक्तिरेखा मी अशीच घडवली. बशीएवढे डोळे, थरथरणारे हात आणि तोंडाचा पट्टा सतत चालू. पोरं तिच्यावर जाम खूश. मोठी माणसंसुद्धा भेटून सांगायची, “तुमच्यामुळे कळलं हो, आतून घाबरलेलं माणूस दिसतं कसं ते.” माझीही कॉलर ताठ व्हायची. परवा शाळेतून बाईंचा फोन आला. “तुमच्या मुलीला आठवडाभर रोज पहिल्या तासाआधी उलटी होतेय. घरी काही बोलली नाही का?” मी उलट त्यांनाच सुनावलं, “भलतंच काय! आमची चिमणी घरातून हसत निघते. तिला धास्ती असती, तर मला कळलं नसतं? मला?” आज सकाळी घरच्या टेबलावर आरसा नव्हता. शोधत शोधत तिच्या खोलीशी गेलो. दार अर्धवट उघडं होतं. पाठीला दप्तर लावून चिमणी माझ्या आरशासमोर उभी होती. हसायची, थांबायची, चेहरा पुसल्यासारखा कोरा करायची आणि पुन्हा हसायची. हात जराही थरथरत नव्हते. मी तिला आरशात दिसलो, तरी ती दचकली नाही. हळूच म्हणाली, “बाबा, ओठांचं जमलंय. डोळ्यांचं कसं करायचं?”