बोंडाची भीती

नखं घासायचं मशीन सुरू झालं आणि बोंडा कुत्रा पलंगाखाली शिरला.

‘आधी घरातल्या कुणाची तरी नखं त्याच्यासमोर घासायला हवीत,’ सोनाली सासऱ्यांना म्हणाली. ‘मग त्याची भीती जाईल.’

नागोजीअप्पांनी पाय लुंगीत ओढून घेतले. गुडघ्यांमुळे त्यांना वाकता येत नव्हतं. अंगठ्याचं वाढलेलं नख शेजारच्या बोटाला टोचत होतं आणि उणकल तळ्यावरचं फिरणं महिनाभर बंद होतं. तरी सुनेनं पायाला हात लावायचं नाव काढलं, की ते घर डोक्यावर घेत.

‘आज शनिवार. शनिवारी नखं कापत नाहीत.’

‘कापतंय कोण, अप्पा? घासायचीत.’

अप्पांनी पलंगाखाली पाहिलं. बोंडा थरथरत होता.

‘त्या बिचाऱ्यासाठी म्हणून हां,’ असं बजावून त्यांनी उजवा पाय पुढे केला. मग कुत्र्याला कन्नडमध्ये धीर दिला, ‘अंजब्याड, बोंडा! बघ, काही होत नाही. गुदगुल्या होतात नुसत्या.’

पाच नखं झाली. बोंडाचं नाक पलंगाबाहेर आलं.

‘बास,’ अप्पांनी पाय मागे घेतला. ‘आता त्याला घे.’

‘अजून घाबरतोय, अप्पा. उद्या पुन्हा दाखवू या.’

स्वयंपाकघरात निखिलनं बायकोला विचारलं, ‘अगं, बोंडाची नखं मंगळवारीच दवाखान्यात काढून आणली ना आपण?’

‘हळू बोला,’ सोनाली म्हणाली. ‘डावा पाय राहिलाय अजून.’