शेजारच्या बाळाची झोप

शेजारचा चष्मेवाला तरुण तिसऱ्यांदा दारात येऊन उभा राहिला, तेव्हा शिंपीणबाईंनी मशीन थांबवलं. तो काय बोलणार हे त्यांना ठाऊक होतं.

"मावशी, तुमच्या कोंबड्या..." तो म्हणाला. "सकाळी कुठे जरा डोळा लागतो, आणि नेमक्या तेव्हाच त्या सुरू होतात. बाळ दचकून उठतं."

भांडायला आलेला माणूस असा मान खाली घालून बोलत नाही. बाईंना राग आलाच नाही, उलट ओशाळल्यासारखं झालं. दोन महिन्यांपूर्वी हे जोडपं शेजारी राहायला आलं, तेव्हा त्याच्या बायकोचे दिवस भरत आले होते. परसातल्या भिंतीला अलीकडून बाईंचं खुराडं टेकलेलं आणि पलीकडे त्यांची झोपायची खोली.

कोंबड्या चारच होत्या. नवरा गेल्यावर बाईंनी त्या आणल्या, सकाळी उठल्यावर आपली वाट बघणारं कुणीतरी असावं म्हणून. तिघी तशा गरीब होत्या. चौथी, तांबडी, हिला बाई वकिलीण म्हणायच्या. अंडं घातलं की खटला जिंकल्यासारखी ती अर्धा तास गाजवायची, आणि मग बाकीच्याही तिची री ओढायच्या.

पहिल्या तक्रारीनंतर बाईंनी खुराडं एकटीनेच ओढत परसाच्या दुसऱ्या टोकाला नेलं. पण परस ते केवढं! दहा पावलांत संपायचं. दुसऱ्या तक्रारीनंतर भिंतीवर जुनी सतरंजी टांगली, खुराड्यावर जाड गोणपाट टाकलं. उजेड उशिरा दिसला की त्या उशिरा उठतील, असा हिशेब. उठल्या उशिरा, पण कसर भरून काढली. मग रोज त्या वेळेला बाई दाण्यांची वाटी घेऊन वकिलीणबाईंसमोर बसू लागल्या. चोचीत दाणा असला की तोंड बंद राहील, एवढीच आशा. गिऱ्हाइकांचे कपडे तसेच पडून राहू लागले.

मधल्या काळात उरलेल्या कापडांचं एक मऊ दुपटं शिवून त्या शेजारी गेल्या. चष्मेवाल्याने दार अर्धंच उघडलं. दोघंही आत्ताच झोपलीत, असं तो हलक्या आवाजात म्हणाला. दुपटं त्याने दोन्ही हातांनी घेतलं आणि बराच वेळ त्याच्या काठावरून बोट फिरवत राहिला. त्यांच्या दोरीवर मात्र दोन-तीन इवली झबली एक दिवसाआड वाळत दिसायची, पांढरीशुभ्र. बायको नीटनेटकी आहे हो, असं बाईंच्या मनात आलं.

आज तिसऱ्यांदा तो येऊन गेल्यावर बाईंनी भावाला बोलावून घेतलं. त्याचं घर वस्तीबाहेर होतं, भोवती मोकळं रान. भाऊ म्हणाला की चार दिवस थांब, बाळ मोठं होईल, सवय होईल. बाई म्हणाल्या की पहिलटकरणीचे हे दिवस कसे असतात ते तुला कळायचं नाही. टोपलीत घालताना वकिलीण एरवीसारखी ओरडली नाही, नुसती बघत राहिली. बाईंनी तोंड फिरवलं.

त्यानंतर सगळं शांत झालं. पलीकडूनही जराही आवाज येत नव्हता. बाळाला शांत झोप लागत असणार, या विचाराने बाईंना बरं वाटायचं. तरी रोज सकाळी त्या मूठभर दाणे घेऊन मागच्या दारात जायच्या आणि तशाच परत फिरायच्या.

बाराव्या दिवशी त्या काजं करत बसल्या होत्या, तर मागच्या दारात चष्मेवाल्याची बायको उभी. तिला इतक्या जवळून त्या प्रथमच पाहत होत्या. फार वाळली होती.

"मावशी, कोंबड्या कुठे गेल्या?"

भावाकडे सुखात आहेत, तू मनाला लावून घेऊ नकोस, असं बाईंनी तिला समजावलं. बाळाच्या झोपेपुढे कोंबड्या काय मोठ्या!

तिने चौकट धरली. "झोपेचं तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तुझ्या नवऱ्याने. तीनदा आला बिचारा."

ती हळूच पायरीवर बसली. मग सांगू लागली. रात्रभर तिला झोप नसायची, पहाटे कधीतरी ग्लानी यायची. तांबडी ओरडायला लागली की दिवस वर आल्याचं कळायचं, आणि मग खिडकीशी जावंसं वाटायचं. अंथरुणातून उठायला तेवढंच एक निमित्त होतं. आता तेही नव्हतं.

"मला झोप मिळावी म्हणूनच तो आला असेल," ती म्हणाली. "खरं काय ते त्याला अजून कुणालाच सांगता येत नाही. ती झबलीसुद्धा तोच धुऊन वाळत घालतो. त्याच्यावर रागावू नका. पण कोंबड्या परत आणा ना, मावशी. घरात दुसरा कसलाच आवाज नाही. बाळ दवाखान्यातून घरी आलंच नाही."