चार स्क्रू

सर्व्हिस सेंटरचे साहेब, तुम्ही धडधडीत खोटं बोललात.

आमच्या घरच्या युनिक्ससारख्या सिस्टीमवाल्या जुन्या कॉम्प्युटरवर माझ्या ताईनं सहा वर्षं खपून कादंबरी लिहिली होती. एक दिवस पडद्यावर 'फाइल सिस्टीम सापडत नाही' एवढंच आलं. "आतले पार्ट बदलून ठेवतात मेले," म्हणत तिनं मशीनच्या चारही स्क्रूंच्या खाचांत लाल नेलपॉलिश भरलं आणि मशीन तुमच्याकडे दिलं. आठवड्यानं तुम्ही सहीनिशी लिहून दिलंत, 'डिस्क काढून तपासली. जळाली आहे. काहीही वाचणार नाही.' ताईनं मशीन आलं तसं पोत्यात घालून माळ्यावर टाकलं आणि पुन्हा एक ओळही लिहिली नाही.

काल भंगारात द्यायच्या आधी मी ते उघडलं. डिस्कची केबल नुसती निसटली होती. ती दाबून बसवली, फाइल सिस्टीम तपासायची कमांड दिली आणि कादंबरीची सगळी प्रकरणं पडद्यावर आली. ताई मागे उभी होती. "चौदा वर्षं रे," एवढंच म्हणाली.

 

साहेब, ते चारही स्क्रू फिरवण्याआधी मला खाचांतलं लाल नेलपॉलिश सुईनं कोरून काढावं लागलं. मग तुम्ही डिस्क काढलीत कुठून? बोला!