तीन नंबरचा कॉम्प्युटर

"हा घ्या पुरावा," असं म्हणत श्रीरंगआप्पांनी खिशातून लाल पेनड्राइव्ह काढला आणि टेबलावर आपटला.

डिंडोलीतल्या सोसायटीच्या वाचनालयात रविवारी सकाळी तीसेक माणसं सतरंजीवर बसली होती. निम्मी पांडेसऱ्याच्या मिलांमध्ये कामाला जाणारी, निम्मी घरी बसून साड्यांना टिकल्या लावणारी. डोक्यावर पंखा फिरत होता. पंख्याच्या पात्यांवर, भिंतीवरच्या घड्याळावर, पाण्याच्या पिंपावर, इतकंच काय, सतरंजीच्या कोपऱ्यातही एकच मजकूर होता: 'श्रीरंग बळीराम बोरसे, अध्यक्ष'. आप्पांनी झाडू दिला तरी त्याची मूठ कोरी सुटत नाही, असं लोक म्हणत. अर्थात आप्पांच्या माघारी.

चैताली एकटीच उभी होती. वय चोवीस. दिवसा कापड मार्केटमधल्या एका दुकानात कॉम्प्युटरवर बसायची आणि संध्याकाळी इथे येऊन फुकट शिकवायची. आज तिने माफी मागावी असं सगळ्यांचं म्हणणं होतं. तिला ती मागायची नव्हती.

"गोष्ट साधी शे," आप्पा म्हणाले. "पोरं गेम खेळत होती म्हणून मी चारही कॉम्प्युटरच्या हार्डडिस्क काढून घेतल्या. तरी हिनं गेम चालवलाच. याच्यातून. हिच्याकडून घेतल्यापासून तीन आठवडे हा माझ्या कपाटात कुलपात होता, अन् वाचनालयाची किल्लीबी माझ्याजवळच. आता कॉम्प्युटर भंगारात देऊ, खोली मंडपवाल्याच्या सामानाला देऊ. हात वर करा."

"आधी माझं ऐका," चैताली म्हणाली. "डिस्क तुम्ही काढल्या, मशिनं तर ठेवली होती ना? ती चालावीत म्हणून मी या पेनड्राइव्हमध्ये लिनक्स टाकलं, म्हणजे डिस्कशिवाय कॉम्प्युटर चालवणारी सिस्टिम. त्यात टायपिंग आहे, नकाशे आहेत, अक्षरओळख आहे. आणि हो, एक गेमसुद्धा आहे. फुगे फोडायचा. माउसला हात लावायची भीती त्यानेच जाते."

"म्हणजे कबूल."

"कबूल. पण माफी मागणार नाही."

कुजबुज झाली. मागून चेतनने हात वर केला. तो मिलमध्ये मशीन दुरुस्तीचं काम करायचा. "आप्पा, डिस्क नाही तर गेम चालेल कसा? चैतालीबेन, चालवून दाखवा ना."

आप्पा हसले. "दाखव बरं. लोकांले पाहू दे, इथे काय शिक्षण चालतं ते. तसंबी डिस्क नही म्हणजे याले डोकंच नही. काय केलं, काय नही, याले काही याद राहत नही."

चैतालीने पेनड्राइव्ह उचलला. चारपैकी तीन पडद्यांवर बोटभर धूळ होती. तीन नंबरचा मात्र लख्ख होता आणि त्याच्या खुर्चीवर एक उशी होती. भंगारवाला आधीच तपासून गेलेला दिसतोय, असं तिच्या मनात आलं. तिचं डोकं आणखीच फिरलं. उशी बाजूला ठेवून ती बसली. पेनड्राइव्ह लावून तिने बटण दाबलं.

पडदा काळा झाला. पांढऱ्या अक्षरांच्या ओळी सरसर वर गेल्या आणि सगळं थांबलं.

"पडला बंद," कोणीतरी म्हणालं.

"थांबा रे, एवढा टाइम लागतोच त्याले," आप्पा म्हणाले.

पडदा निळा झाला. चेतन उठून जवळ आला आणि त्याने कॅबिनेटच्या उघड्या झाकणातून वाकून आत पाहिलं. डिस्कची जागा रिकामी होती. "मान गए," तो म्हणाला.

"पाहिलं ना सगळ्यांनी?" आप्पांनी आवाज चढवला. "आता सांगा, या डब्ब्यांनी सोसायटीत कोणाचं भलं केलं? एकानं तरी उभं राहून सांगा."



चैतालीची नजर भिंतीकडे गेली. तिथे डोक्यावर पदर घेऊन शोभाबाई बसली होती, दगा नावाच्या नवऱ्याच्या मागे. पन्नाशीची बाई. भाजीला जाते असं घरी सांगून चार महिने रोज संध्याकाळी इथे यायची, पोरं गेल्यावर. कोणाला सांगायचं नाही, अशी तिने चैतालीला शपथ घातली होती. या वयात अक्षरं गिरवते म्हणून घरातली हसतील, एवढीच तिची भीती. चैतालीने एक नाव घेतलं असतं तर खोली वाचली असती. तिने घेतलं नाही. शब्द दिला होता, तो दिला होता.

एकेक हात वर जाऊ लागले. दगाचाही गेला.

"करा वर," चैताली म्हणाली. "पण ज्याच्यामुळे खोली बंद करताय, तो गेम तरी बघा. आणि आप्पा, याला सगळं याद राहतं. डिस्क लागत नाही. सगळं पेनड्राइव्हमध्येच साठतं. कोण खेळलं, किती गुण मिळाले, सगळं."

तिने माउस दाबला. रंगीत फुगे उडाले आणि पडद्यावर खेळणाऱ्यांच्या नावांची यादी आली, इंग्रजी अक्षरांत.

"झालं दाखवून. बंद कर," आप्पा एकदम उठले आणि बटणाकडे निघाले.

"थांबा, आप्पा."

शोभाबाई उभी राहिली होती. दगाने तिचा पदर ओढला. तिने तो सोडवून घेतला.

"तुले काय समजणार त्यातलं? इंग्रजी शे ते," आप्पा म्हणाले.

"माले वाचता येस," ती म्हणाली. "इथेच शिकनू. याच डब्ब्यावर."

दगाचा वर गेलेला हात तसाच राहिला. माणसांमधून वाट काढत शोभाबाई तीन नंबरपाशी आली. तिने सर्वांत वरच्या ओळीवर बोट ठेवलं, ओठातल्या ओठात एकेक अक्षर जुळवलं, मग मान वर करून भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि पुन्हा पडद्याकडे.

"पयला नंबर," ती मोठ्याने वाचू लागली, "श्रीरंग... बळीराम... बोरसे... अध्यक्ष. दुसराबी तेच."